हाव, पास

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. घरात विषय निघाला की पाणी प्यायचं निमित्त करून उठायचो. सत्काराच्या भाषणांत तिच्या कडेकडेनं गेलो, आत कधी शिरलो नाही. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, गुडघे गेलेत, आणि त्या दिवशी माझ्याबरोबर मैदानावर उभे असलेले बहुतेक पंच राहिलेले नाहीत. मी गेलो की खरं काय झालं ते सांगणारं कुणी उरणार नाही, आणि लातूरची ती मुलगी उंच उडीत कच्ची होती असंच लोक सांगत राहतील. ती कच्ची नव्हती. तेवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मी नांदेडच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो. मूळचा बिलोलीकडचा. आमच्याकडं 'होय'ला 'हाव' म्हणतात. आईनं हाक मारली की आम्ही भावंडं 'हाव' म्हणत उठायचो. पुण्याकडच्या माणसाला हाव म्हणजे लोभ वाटतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं या एका शब्दापाशी येणार आहे.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. त्याआधी ती मंडळी उस्मानाबादची म्हणून खेळायला यायची. त्या हिवाळ्यात विभागीय स्पर्धा नांदेडला होत्या आणि लातूरचा संघ पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं उतरला होता. नव्या जिल्ह्याकडं नवे बनियन कुठून असणार? जुन्या बनियनांवरची 'उस्मानाबाद' ही अक्षरं उसवून तिथं कापडी पट्टीवर 'लातूर' शिवलं होतं. पट्टी लहान आणि आधीचं नाव मोठं, त्यामुळं दोन्ही बाजूंना सुईची भोकं दिसायची. कर्ण्यावर नावं पुकारणारे आमचे इतिहासाचे सर सवयीनं उस्मानाबादच म्हणत होते. लातूरची पोरं दर वेळी ओरडून दुरुस्त करायची, "लातूर, सर, लातूर." सर म्हणायचे, "अरे हो बाबा, तोंडात बसायला वेळ लागंल."

पाऊस झालाच नव्हता. मैदानाच्या एका बाजूला काळी जमीन होती, तिथं हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. गोळाफेकीसाठी आम्ही त्या मुरूम टाकून बुजवल्या. उंच उडीच्या खड्ड्यात दरवर्षी साळीचं तणस टाकायचो, पण त्या साली तणस गुरांनाच मिळत नव्हतं. ते खड्ड्यात टाकलं असतं तर लोकांनी आम्हाला मारलं असतं. म्हणून एका जिनिंगमधून कापसाचा कचरा आणला, पोत्यांत भरला आणि पोती वाळूवर अंथरली. दोन उड्यांतच पोती फाटली. मग जी मुलगी उडी मारून उठायची तिच्या केसांत पांढरी पुंजकी अडकलेली असायची. मुली एकमेकींना "म्हातारे" म्हणून हसायच्या.

माझी एक विद्यार्थिनी त्या स्पर्धेत होती. तीन वर्षं मी तिला घडवत होतो. पहाटे तिच्या घराखाली सायकलची घंटी वाजवायची, मैदानावर न्यायचं, तिच्या वडिलांच्या शिव्या खायच्या. ती पेंटॅथलॉनला होती. पेंटॅथलॉन म्हणजे एकाच मुलीनं पाच प्रकार करायचे: अडथळ्यांची शर्यत, गोळाफेक, उंच उडी, लांब उडी आणि शेवटी आठशे मीटर. प्रत्येक प्रकाराला तक्त्याप्रमाणं गुण मिळतात आणि पाचांची बेरीज होते. राज्याच्या स्पर्धेला विभागातून एकच मुलगी जाणार होती. ती आमचीच जाणार याबद्दल नांदेडात कुणाला शंका नव्हती, आणि मला तर नव्हतीच.

लातूरकडून जी मुलगी आली ती शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातली. शाळेला खेळाचा शिक्षक नव्हता. हिंदीच्या बाईंनी पुस्तकात चित्रं बघून तिला उड्या मारायला शिकवलं होतं, आणि त्या बाई आजारी म्हणून मुलीबरोबर तिची आई आली होती. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. दोन दिवसांचा खाडा करून आली होती. काठीसारखी सरळ बाई, निळं लुगडं, हातात पाण्याचा डबा. मैदानावर पाण्याची टाकी होती, पण तिला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांकडं. बाईनं मला विचारलं, "गुरुजी, नांदेडाला गोदावरी हाय म्हणत्यात."

"आहे की."

"मग कुलपात ठिवलीय का?"

मी हसलो आणि किल्ली मागवून घेतली. मला ती बाई आवडली होती, हेही सांगायला पाहिजे.

अडथळ्यांत तिची पोरगी पहिली आली. पाय वर घ्यायची पद्धत चुकीची होती, पण वेग असा की चूक लपून जायची. गोळाफेकीत माझी विद्यार्थिनी थोडी पुढं गेली. मग उंच उडी आली. तिथं मी पंच होतो. टेबलावर मुख्य पंच म्हणून पुण्याकडून आलेले एक गृहस्थ बसले होते. डोक्यावर हॅट, बोलणं शांत, नियम तोंडपाठ. मी मुलींना पुकारायचो, दांडी वर चढवायचो आणि निकाल ओरडून सांगायचो. ते तक्त्यावर खूण करायचे.

उंच उडीत नियम असा की प्रत्येक उंचीला तीन संधी. पण एखाद्या मुलीला वाटलं की ही उंची आपल्याला सोपी आहे, दम राखून पुढच्या उंचीवरच उडी मारू, तर ती मधली उंची सोडू शकते. त्याला 'पास' म्हणतात. म्हणून दांडी चढवली की आम्ही प्रत्येकीला विचारायचो, "पास?" सोडायची असेल तर ती हो म्हणायची, आणि तक्त्यावर तिच्या नावापुढं आडवी रेघ यायची.

आमच्या भागात पास म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. निकालाच्या दिवशी शाळेतून घरी जाताना रस्त्यात जो भेटेल तो विचारतो, "पास का रे?" आणि पोरगं सांगतं, "हाव, पास."

रांगेत शेवटी असलेल्या त्या मुलीनं सुरुवातीची उंची पहिल्याच उडीत ओलांडली. दांडीवर बरीच मोकळी जागा राहिली होती. ती पोत्यावरून उठली, केसांतला कापूस झटकत माझ्या अंगावरूनच निघाली होती. मी तोवर दांडी पुढच्या उंचीला लावली होती. मान वर न करता विचारलं, "पास?"

ती हसून म्हणाली, "हाव सर, पास."

मी ओरडलो, "पास." टेबलावर रेघ पडली.

इथवर माझी चूक असली तरी ती साधी चूक होती. एवढंच घडलं असतं तर मी हे कधीच विसरलो असतो.

बाकीच्या मुली त्या उंचीवर उड्या मारू लागल्या. ती रांगेच्या कडेला कंबरेवर हात ठेवून उभी. आपलं नाव येईल म्हणून दर वेळी माझ्या तोंडाकडं बघायची. दोनदा ती पुढं सरकली, मी दुसरीचं नाव घेतल्यावर मागं झाली. ते पाहून माझ्या लक्षात आलं. उंची सोडलेली मुलगी अशी उभी राहत नाही. ती खाली बसते, पाय मोकळे करते. ही आपल्या पाळीची वाट बघत होती. मी विचारलं होतं सोडणार का, आणि तिनं सांगितलं होतं की मी पास झाले.

दांडी अजून त्याच उंचीवर होती. टेबल चार पावलांवर होतं. जाऊन एवढंच म्हणायचं होतं की साहेब, पोरगी खेड्यातली आहे, तिचा समज वेगळा झाला, तिला उडी मारू द्या. त्या गृहस्थांनी ऐकलं असतं. माणूस कडक होता, वाईट नव्हता.

तेवढ्यात माझ्या विद्यार्थिनीची पहिली उडी दांडीला लागली. दुसरीही लागली. मी तिथंच उभा राहिलो. तिसऱ्या उडीत ती कशीबशी गेली आणि मी सुस्कारा सोडला. दांडी आणखी वर चढवली.

आता मी लातूरच्या मुलीकडं स्वतःहून गेलो. इतर मुलींना मी जागेवरून विचारत होतो, हिच्याजवळ गेलो. आवाज अगदी तसाच ठेवला, निकालाच्या दिवशी विचारतात तसा. "पास?"

ती जरा थांबली. मधली उडी तिनं मारलेलीच नव्हती, म्हणून गोंधळली असणार. मग हळूच म्हणाली, "हाव?" त्या 'हाव'मध्ये प्रश्न होता. मी तो ऐकला आणि ओरडलो, "पास."

टेबलावरचे गृहस्थ रेघ मारताना गमतीनं म्हणाले, "मुलीला हाव बरीच दिसते. दोन उंच्या सोडल्या."

त्यांना तो शब्द लोभाचाच वाटला. शेजारचे पंच हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा मला आजही सगळ्यात जास्त त्रास होतो.

माझ्या विद्यार्थिनीनं ती उंचीही तिसऱ्या उडीत काढली. पुढं दांडी अशा जागी गेली की तिथं दोघींनाही जमणार नव्हतं. आता मात्र मी लातूरच्या मुलीला विचारलं नाही, सरळ नाव पुकारलं. ती धावत आली. खालच्या उंचीवरून एकदम एवढी वरची दांडी. तीन उड्या गेल्या. तिसऱ्या वेळी दांडी पाठीनं नुसती हलली, डुलत राहिली आणि मग पडली. तक्त्यावर तिच्या नावे पहिलीच उंची राहिली. मधल्या दोन, ज्या तिच्या पायाखालच्या होत्या, गेल्या.

ती माझ्याकडं आली. रडत नव्हती. "सर, मधल्या दोन उड्यांना मला बोलावलं न्हाई."

"तूच पास म्हणालीस."

"मी पास झाले म्हणून पास म्हणाले."

"आणि दुसऱ्यांदा?"

"मला वाटलं पहिली चांगली गेली म्हणून वर घातलं." शाळेत गुरुजी पोराला वरच्या वर्गात घालतात, तसं तिला वाटलं होतं.

"नियम आहे," मी म्हणालो. "खेळायला येताना नियम वाचून यावं."

आई मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत ती म्हणाली, "गुरुजी, तुमी इकडचेच ना?"

"हाव," मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

बाई माझ्याकडं बघत राहिली. मग मुलीच्या केसांतला कापूस वेचत म्हणाली, "चल. अजून दोन हायेत." दोन प्रकार राहिलेत, एवढाच त्याचा अर्थ होता.

लांब उडीत ती पोरगी पुढं आली, पण गेलेले गुण भरून निघाले नाहीत. आठशे मीटरला उभ्या राहिल्या तेव्हा आमची पुढं होती, आणि आमच्या शाळेच्या पोरांनी हार आणून ठेवला होता. इतिहासाच्या सरांनी कर्ण्यावरून सांगितलं की उस्मानाबादच्या मुलीला जिंकायचं तर फार मोठ्या अंतरानं पुढं यावं लागेल. कुणी तरी ओरडलं, "लातूर." सर म्हणाले, "लातूर, लातूर."

ती सुरुवातीपासूनच पळत सुटली. आठशे मीटर तसं पळत नाहीत. दम राखून पळतात. मी मनात म्हणालो, दुसऱ्या फेरीत बसेल ही. चुन्याच्या रेषा पायांखाली उडत होत्या, धुळीत ती दिसेनाशी व्हायची आणि पुढच्या वळणावर पुन्हा एकटीच दिसायची. ती बसली नाही. शेवटच्या सरळ पट्टीवर तिच्या मागं कुणीच नव्हतं. माझी विद्यार्थिनी आली तोवर ती जमिनीवर बसून आईच्या डब्यातलं पाणी पीत होती.

बेरीज झाली. ती पहिली आली, आणि विभागाचा जुना विक्रम मोडला. कर्ण्यावर नाव पुकारताना सर या वेळी चुकले नाहीत. लातूरच्या पोरांनी तिला खांद्यावर घेतलं. आमच्याकडचा एक जण म्हणाला, "नवा जिल्हा, नवी नवलाई." हार आमच्या पोरांनी गुपचूप परत नेला.

खरं सांगतो, मला हलकं वाटलं. माझी विद्यार्थिनी हरली याचं दुःख होतं, पण वाटलं की आपण सुटलो. तिचं काही गेलं नाही. जिंकली, विक्रम झाला, राज्याला चालली. आता त्या दोन रेघांचं काय घेऊन बसायचं?

पुढं ती राज्यात पहिली आली. देशपातळीवर पदकं आणली. मोठ्यांच्या गटात पाच प्रकारांची स्पर्धा जाऊन सात प्रकारांची आली, शाळांत पाचांचीच राहिली, तरी ती तिथंही विक्रम करत राहिली. लातूरला तिची मिरवणूक निघाली. पण नांदेडच्या त्या तक्त्यावरची उंच उडी तिच्या मागं लागली. चार प्रकारांत एवढे गुण आणि उंच उडीत एवढेच, हे बघून शिबिरातल्या प्रशिक्षकांनी ठरवलं की हिची ही बाजू लंगडी आहे. एक पूर्ण हंगाम तिला उंच उडीवरच जुंपलं आणि लांब उडी, जी तिची खरी होती, मागं पडली. हे मला तिच्याबरोबर शिबिरात असलेल्या एका मुलीनं सांगितलं. तिनं आणखी एक सांगितलं. पुढं ती कधीच कुठली उंची सोडायची नाही. बाकीच्या मुली दम राखायला खालच्या उंच्या सोडत, ही प्रत्येक उंचीवर उडी मारायची. पंचानं "पास?" विचारलं की काही बोलायची नाही, नुसती मान हलवायची.

आणि मी काय केलं? मी लोकांना सांगत गेलो. तिचं नाव निघालं की मी त्या दिवशीचा साक्षीदार. शाळांच्या कार्यक्रमांत माझं एक वाक्य ठरलेलं होतं: "थोर खेळाडू, पण उंच उडीत कच्ची." वर्तमानपत्रातही ते एकदा आलं. वाक्य सोपं होतं, लोकांना आवडायचं. थोर माणसाचं काही तरी कच्चं असलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

बऱ्याच वर्षांनी उमरीकडच्या एका मुलीनं तिचा तो विभागीय विक्रम मोडला. ज्येष्ठ पंच म्हणून हार घालायला मलाच बोलावलं. थोड्याच गुणांनी मोडला होता. घरी येऊन मी गुणांचा तक्ता काढला आणि मधल्या दोन उंच्यांचे गुण पाहिले. ज्या फरकानं विक्रम मोडला त्याहून ते जास्त होते. म्हणजे त्या दिवशी मी चार पावलं चाललो असतो, तर उमरीच्या पोरीच्या गळ्यात मी हार घातलाच नसता. बायकोनं विचारलं, जेवायचं नाही का? मी म्हणालो, भूक नाही.

त्यानंतरही मी गप्पच राहिलो. निवृत्त झालो, बायको गेली. एका उन्हाळ्यात मनाची तयारी करून लातूरच्या बसमध्ये बसलो. ती तिथं एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे हे माहीत होतं. लोह्यापासून चाकूरपर्यंत मी तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवत होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, "काका, मंत्र म्हणून राहिले का?" मी म्हणालो, "हाव."

तिनं दारातच वाकून नमस्कार केला. केस पांढरे झाले होते. मला क्षणभर ती पोत्यावरून उठून आल्यासारखी वाटली. आई बाजेवर बसली होती, अजून तशीच सरळ. मुलगी म्हणाली, "आई, नांदेडचे सर."

"वळखलं की," आई म्हणाली. "पासवाले गुरुजी."

मुलगी मोठ्यानं हसली. "सर, रागावू नका. आमच्या घरात तुमचं नावच ते पडलंय. माझ्या पोरींना मी पहिल्याच दिवशी शिकवते, मैदानावर पास म्हणजे सोडणं. माझ्यासारखं करू नका म्हणते. माझाच अडाणीपणा होता. मी हाव म्हणाले, तुम्ही तरी काय करणार?"

"तसं नव्हतं ते," मी म्हणालो.

"न्हाई सर, खरंच. तुम्ही त्या दिवशी बोललात, नियम वाचून यावं. तेव्हापासून मी नियमांचं पुस्तक पाठ केलं. आज पंचांच्या परीक्षा घेते. तुमच्यामुळंच."

तिनं समोर भजे आणून ठेवले. मी ताटलीकडं बघत राहिलो. ती मनापासून बोलत होती. माझं खोटं तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं आणि त्याचं काही तरी चांगलं करून ठेवलं होतं. मी आता खरं सांगितलं तर ते मोडणार, असं मी स्वतःला सांगितलं. ही सबब होती. त्या दिवशी टेबलाकडं न जाताना जशी सापडली होती तशीच.

"घ्या की गुरुजी," आई म्हणाली. "थंड व्हायलेत."

मी घेतले. पाऊसपाण्याचं बोललो, नातवंडांचं बोललो. निघताना ती मला स्कूटरवर बसस्थानकावर सोडायला आली. बस लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा ती म्हणाली, "सर, आई मघाशी आत बोलली, गुरुजी कायतरी सांगायला आलते. काही होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

ती बस निघेपर्यंत खाली थांबली, खिडकीकडं बघत, आपलं नाव पुकारायची वाट बघावी तशी. बस हलली तेव्हा तिनं हात केला. चाकूरच्या पुढं कुठं तरी ते जुळवलेलं वाक्य पुन्हा तोंडात आलं, पूर्ण, एकही शब्द न चुकता: पोरी, पहिल्यांदा मी चुकलो, दुसऱ्यांदा मला कळलं होतं, तरी मुद्दाम विचारलं, तू कच्ची नव्हतीस, मला माफ कर.